आधी बोल्ट, मग इंजिन: स्वतःची मोटरसायकल स्वतः दुरुस्त करायला बसताना

नवख्या माणसाच्या हातून मोटरसायकलचं नुकसान होतं ते बहुतेक वेळा माहिती कमी पडल्यामुळे नव्हे, जोर जास्त पडल्यामुळे. ऑइल कसं बदलायचं हे दहा मिनिटांत समजतं. ऑइल सोडायचा ड्रेन बोल्ट किती आवळायचा हे मनगटाला समजायला मात्र दोन-चार खेपा लागतात, आणि इंजिनाचे आटे जातात ते नेमके याच खेपांमध्ये. माझे पहिल्याच खेपेला गेले. ऑइल गळू नये म्हणून बोल्टला 'अजून एक झटका' दिला आणि पाना अचानक हलका झाला. घट्ट होत चाललेला बोल्ट एकाएकी मऊ लागला की पोटात जो खड्डा पडतो, तो ज्याचा त्यालाच माहीत.

म्हणून सुरुवात ऑइलपासून न करता बोल्टपासून करू.

बसण्याआधी

गाडीसोबत मिळालेलं छोटं पुस्तक शोधून काढा. चेनची ढील, टायरची हवा, ऑइलचा ग्रेड आणि ते किती ओतायचं, हे सगळं त्यात असतं. कोणता बोल्ट किती आवळायचा आणि कोणता भाग किती झिजला की बदलायचा, हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. ते वेगळं आणि जाडजूड पुस्तक आहे. ते मिळवा. या लेखातले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

जागा सपाट, उजेडाची आणि मोकळी हवी. बंद खोलीत इंजिन चालू ठेवायचं नाही, दोन मिनिटंसुद्धा नाही. सायलेन्सरमधून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडी मेन स्टँडवर घ्या. तो नसेल तर मागचं चाक उचलणारा पॅडॉक स्टँड लागेल. विटा आणि लाकडाचे ठोकळे रचून गाडी उभी करण्याची कसरत करू नका.

हत्यारं थोडी घ्या, पण चांगली घ्या. ८, १०, १२, १४ आणि १७ मिमीचे रिंग पाने आणि सॉकेट, ८ आणि १० चा टी-पाना, ४ ते ८ पर्यंतच्या ॲलन की, प्लग पाना, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि साधा मल्टिमीटर. मागच्या ॲक्सलच्या (चाकाच्या मधल्या दांड्याच्या) नटाला याहून मोठा सॉकेट लागतो, तो गाडी बघून घ्या. ॲडजस्टेबल पाना कोणी भेट दिला तर आभार मानून तो नळाच्या कामाला ठेवा. आणि टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला जातोय ते सांगणारा पाना. 'अनुभवी लोक हातानेच आवळतात' असं तुम्हाला सांगितलं जाईल. खरं आहे, पण त्यांचा अनुभव कुणाच्या तरी गाडीवर तयार झालेला असतो.

बोल्ट खोलणं

दोन तोंडांचा उघडा पाना बोल्टला फक्त दोन बाजूंनी धरतो, रिंग पाना सगळे कोपरे धरतो. म्हणून पहिला जोर नेहमी रिंगने किंवा सॉकेटने लावायचा. उघडा पाना सैल झालेला बोल्ट पटकन फिरवण्यापुरता.

अधिकच्या चिन्हासारख्या (+) खाचेचे स्क्रू फसवे असतात. जपानी गाड्यांवर आणि त्यांच्या धर्तीच्या गाड्यांवर बरेचदा डोक्यावर बारीक ठिपका असलेला स्क्रू दिसतो. तो फिलिप्ससारखा दिसतो, पण त्याची खाच जपानी मापाची असते. साधा फिलिप्स ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर सरकतो आणि खाच गोल करून टाकतो. या जपानी मापाचा (डब्यावर JIS लिहिलेला) एकच चांगला ड्रायव्हर घेतला तरी अर्धी चिडचिड वाचते. ड्रायव्हर कोणताही असो, फिरवण्यापेक्षा दाबायला जास्त ताकद लावायची.

गंजून बसलेल्या बोल्टशी कुस्ती खेळू नका. गंज सोडवणारं तेल मारा आणि दुसऱ्या कामाला लागा. अर्ध्या तासाने बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलक्या टिचक्या मारा. मग थोडा सैल, थोडा परत घट्ट, पुन्हा थोडा सैल, असं करत त्याला मनवा. बोल्ट तुटला तर पाच मिनिटांचं काम दोन दिवसांचं होतं.

एक अपवाद लक्षात असू द्या. बहुतेक आटे घड्याळाच्या दिशेने आवळले जातात, पण यामाहाच्या अनेक गाड्यांवर उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. समोरून धक्का लागला तर आरसा जास्त आवळला न जाता सैल होऊन फिरावा, हा हेतू. हे माहीत नसलेला माणूस आरसा काढायला जातो आणि आवळत बसतो.

खोललेले बोल्ट एका डब्यात टाकायची सवय लावू नका. इंजिनाच्या झाकणाचे बोल्ट सारखे दिसले तरी त्यांच्या लांब्या वेगवेगळ्या असतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो. तुम्हाला वाटतं आवळला, प्रत्यक्षात झाकण सैलच असतं, किंवा आतलं काहीतरी फुटतं. पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढा, भोकं पाडा आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात खोचा. फोनने फोटो काढा तेही बरं, पण पुठ्ठा जास्त भरवशाचा.

बोल्ट बसवणं

पहिले तीन-चार वेढे बोटांनीच. पाना लावायचाच नाही. बोल्ट भोकावर ठेवून आधी उलटा फिरवा. आट्याचं तोंड आट्याला भेटलं की बारीक 'टक' जाणवतं, मग सुलटा फिरवा. बोटांनी जात नसेल तर तो वाकडा धरलाय. पान्याच्या जोराने वाकडा बोल्टही आत जातो, पण आटे कापत जातो.

झाकणाला अनेक बोल्ट असतील तर सगळे आधी हलके टेकवा, मग समोरासमोरचे आलटून पालटून आवळा.

आवळायचं किती? ६ मिमी जाडीच्या बोल्टला, म्हणजे ज्याला बहुतेक वेळा ८ किंवा १० चा पाना लागतो त्याला, साधारण १० न्यूटन मीटर. ८ मिमी जाडीच्याला २० ते २५. १० न्यूटन मीटर म्हणजे १० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १० किलो वजन टांगण्याइतका जोर, आणि पाना २० सेंटिमीटरचा असेल तर फक्त ५ किलो. लांब पाना म्हणूनच धोक्याचा: हाताला जोर कमी लागतो, बोल्टला मात्र तितकाच बसतो. पान्याच्या टोकाला न धरता बोल्टच्या जवळ धरायची सवय लावली तर टॉर्क रेंच हाताशी नसतानाही बरंच काही वाचतं. आणि पुस्तकातले आकडे कोरड्या, स्वच्छ आट्यांचे असतात, वेगळं काही लिहिलं असेल तर गोष्ट निराळी. आट्यांना तेल-ग्रीस लागलं असेल तर त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो.

रविवारी दुपारी जुन्या, भंगारात जाणाऱ्या इंजिनावर दहा-बारा बोल्ट खोला आणि बसवा. टॉर्क रेंचने १० लावून बघा, मग डोळे मिटून हाताने तितकाच आवळा आणि रेंचने तपासा. मला स्वतःला हा सराव कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त उपयोगी पडला.

पहिलं खरं काम: चेन

चेन उघडी असते, काम समोर दिसतं, चुकलं तर परत करता येतं. नवख्यासाठी याहून चांगलं काम नाही. धोका एकच, पण तो गंभीर आहे. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडकं लावू नका. फडकं चेन आणि स्प्रॉकेटच्या (दातेरी चक्राच्या) मध्ये ओढलं जातं आणि सोबत बोटं जातात. किल्ली काढून खिशात, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हाताने फिरवायचं.

धुण्यासाठी रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोल नको, तारेचा ब्रश तर नकोच. आजच्या बहुतेक चेनमध्ये कड्यांच्या मध्ये बारीक रबरी रिंगा असतात. त्या कारखान्यात भरलेलं ग्रीस आत धरून ठेवतात. रबर गेलं की ग्रीस गेलं, आणि मग वरून कितीही तेल घाला, पिना आतून झिजतच राहतात. धुतल्यावर कोरड्या फडक्याने पुसा आणि थोडं सुकू द्या.

तेल खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला घालायचं, चाक हळू फिरवत. चेन धावताना तेल बाहेरच्या बाजूला फेकलं जातं, म्हणून आतून घातलेलं तेल कड्यांमधून झिरपत बाहेर येतं. चेनचा स्प्रे किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल, दोन्ही चालतं. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल वापरण्याचा सल्ला अजून दिला जातो. त्यात धातूचा चुरा असतो, तेव्हा तो सल्ला सोडून द्या. हे काम रात्री करावं, सकाळी वरचं जास्तीचं तेल पुसून टाकावं. साधारण ५०० किलोमीटरला एकदा, आणि पावसात भिजली की लगेच.

आता ढील. खालच्या पट्ट्याच्या मधोमध बोटाने चेन खाली ओढा, मग वर ढकला. खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंतचं एकूण अंतर म्हणजे ढील. लहान गाड्यांवर ती साधारण २० ते ३० मिमी असते, कच्च्या रस्त्यांसाठी बनलेल्या लांब सस्पेन्शनच्या गाड्यांवर जास्त. मोजताना गाडी कोणत्या स्टँडवर हवी, तेही पुस्तकात दिलेलं असतं. चाक फिरवत चार-पाच जागी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे सगळ्यात घट्ट भरते, तिथे माप लावायचं.

नवखा माणूस इथे हमखास घट्टपणाच्या मोहात पडतो. ढिली चेन आवाज करते, घट्ट चेन कशी ताठ आणि नीटनेटकी दिसते. पण खड्ड्यात मागचं चाक वर जाताना पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याचा) खिळा आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात, तेव्हा दोन स्प्रॉकेटमधलं अंतर सगळ्यात जास्त होतं. चेनमध्ये ढील नसेल तर तो ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर आणि चेनवर जातो. फार ढिली चेन उतरून चाक अडकवू शकते, तेही वाईटच. पण पुस्तकातल्या मापाच्या हद्दीत राहून निवड करायची असेल तर सैल टोकाकडे करा.

माप बसवायची पायरी अशी:

१. ॲक्सलच्या नटातली पिन असेल तर काढा आणि नट सैल करा. पूर्ण काढायचा नाही.
२. दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर एका वेळी पाव वेढा फिरवा, डावा आणि उजवा सारखाच.
३. स्विंगआर्मवरच्या खुणा दोन्हीकडे जुळतात का बघा. खुणा कधीकधी खोटं बोलतात, म्हणून मागून वाकून चेनच्या रेषेत नजर टाका. मागच्या स्प्रॉकेटपासून पुढे ती सरळ गेली पाहिजे.
४. नट पुस्तकातल्या टॉर्कला आवळा आणि ढील परत मोजा. आवळताना ती बदलते, आणि ही पायरी सगळेच विसरतात.
५. पिन नवी घाला. मागे ड्रम ब्रेक असेल तर पेडलचं अंतर आता बदललेलं असणार, तेही लावून घ्या.

चेन संपली का हे बघायला मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी पाठीमागून चेन ओढा. अर्धा दात उघडा पडला तर तिचे दिवस भरले. दात आकड्यासारखे वाकलेले दिसले तर स्प्रॉकेटही गेलं. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला. जुन्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते. जोडकडीला क्लिप असेल तर तिचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला.

ऑइल

डब्यावर दोन गोष्टी बघा. एक ग्रेड, म्हणजे १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० असा आकडा. तो पुस्तकात लिहिलेला असतो, तोच घ्या. दुसरी, जासो या जपानी मानकाची एमए किंवा एमए२ ही खूण. बहुतेक मोटरसायकलींमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर एकाच ऑइलमध्ये भिजतात. घर्षण कमी करणारे पदार्थ घातलेलं कारचं ऑइल अशा गाडीत ओतलं तर क्लचच्या प्लेटा घसरू शकतात. इंजिनाचा आवाज वाढतो, गाडी पळत नाही.

इंजिन तीन-चार मिनिटं चालवून कोमट करा. तापलेलं नको, हात भाजतो. बंद करून थोडं थांबा. वरचं ऑइल भरायचं झाकण आधी उघडा. हवा आत जाऊन ऑइल पटकन येतंच, पण मुख्य म्हणजे हे झाकण उघडतंय याची खात्री आधी होते. खालचं रिकामं करून बसलात आणि वरचं उघडेना, अशी फजिती होऊ शकते.

खाली ट्रे सरकवा. आता थांबून पुस्तकातलं चित्र पुन्हा बघा. काही इंजिनांना खाली दोन बोल्ट दिसतात, त्यातल्या मोठ्याच्या मागे स्प्रिंग आणि जाळी असते. चुकून तो उघडला तर स्प्रिंग थेट ट्रेमध्ये उडी मारते. बरोबर बोल्ट पकडा. शेवटचे वेढे बोटांनी, आत दाबत फिरवा आणि पटकन बाजूला घ्या.

निघालेलं ऑइल वाया घालवू नका, वाचा. काळं असणं ठीक आहे. बोल्टला चुंबक असेल तर त्यावर बारीक करडा लेप असणंही ठीक. चिमटीत धरता येतील असे धातूचे कपचे असतील तर ठीक नाही. ऑइल दुधट असेल तर आत पाणी गेलंय.

बोल्टचा वायसर नवा घाला. तो मुद्दाम मऊ धातूचा असतो, आवळताना तो दबतो आणि फट बुजवतो. गळती थांबवण्याचं काम वायसरचं असतं, तुमच्या जोराचं नसतं. हे एवढं मला आधी कळलं असतं तर माझे आटे वाचले असते. फिल्टर असेल तर तो कोणत्या बाजूने बसतो ते जुना काढतानाच बघून ठेवा. अनेक फिल्टरवर बाहेरची बाजू कोणती ते छापलेलं असतं. त्याच्या रबरी रिंगला नव्या ऑइलचं बोट लावा.

आता नरसाळ्याने ऑइल ओता, पुस्तकातल्या मापापेक्षा १०० मिली कमीच. झाकण लावा, इंजिन मिनिटभर चालवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि गाडी सरळ उभी धरून पातळी बघा. साइड स्टँडवर झुकलेल्या गाडीचं माप खोटं येतं. काही गाड्यांत ऑइलची काडी आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते, तेही पुस्तकात दिलेलं असतं. उरलेलं थोडं थोडं घालून पातळी दोन खुणांच्या मध्ये आणा. जास्त झालं तरी चांगलं नाही: ऑइलला फेस येतो, आणि ते एअर फिल्टरपर्यंत पोचू शकतं.

जुनं ऑइल बंद डब्यात भरून, ते गोळा करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांकडे द्या. मातीत किंवा गटारात नाही.

प्लग आणि एअर फिल्टर

ही कामं लहान आहेत. प्लग थंड इंजिनातूनच काढा, आणि त्याआधी भोवतालची धूळ फुंकून टाका, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडेल. टोक फिकट तपकिरी असेल तर छान. काजळीसारखं कोरडं काळं म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, तेलकट काळं म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, पांढरंफटक म्हणजे मिश्रण फार विरळ किंवा उष्णता फार. फट फीलर गेजने मोजा. बऱ्याच गाड्यांवर ती ०.७ ते ०.९ मिमीच्या आसपास असते. बसवताना पुन्हा तेच: टेकेपर्यंत बोटांनी, मगच पाना.

फोमचा एअर फिल्टर रॉकेलमध्ये धुऊन, पिळून, फिल्टरचं तेल लावून परत पिळायचा. कागदी फिल्टर धुवायचा नाही. आतून बाहेर हवा मारायची, किंवा सरळ बदलायचा.

ब्रेक: इथे थोडं थांबा

चेन चुकली तर बहुधा गाडी रस्त्यात उभी राहते. ब्रेक चुकला तर गाडी उभीच राहत नाही. तपासणं मात्र पहिल्या दिवसापासून तुमचंच काम. डिस्कच्या पॅडवर झिजेची खाच असते, ती दिसेनाशी झाली की पॅड बदला. ड्रमच्या बाहेर बाण असतो, ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो खुणेला पोचला की आतले शू संपले.

पॅड बदलणं अवघड नाही, पण पहिल्या वेळी जाणकार माणूस शेजारी असू द्या. नवे पॅड बसवण्यासाठी ब्रेकमधले पिस्टन मागे ढकलावे लागतात. त्यानंतर लिव्हर दाबला तर तो थेट मुठीला टेकतो. तो कडक होईपर्यंत पंप करा, त्याआधी गाडी जागची हलवायची नाही. डिस्कवर आणि पॅडवर तेलाचा, स्प्रेचा थेंबही नको. चेनला स्प्रे मारताना मागच्या डिस्कवर जुनं फडकं टाका.

ब्रेकचं ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ४ हा ब्रेक ऑइलचा एक दर्जा, त्याच्या मानकात नव्या ऑइलला किमान २३० अंश सेल्सियस लागतात, पाणी शोषलेल्याला १५५. उतारावर ब्रेक तापले की हा फरक लिव्हरमध्ये कळतो. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलतात. डॉट ५ हे सिलिकॉनचं, ते डॉट ३, डॉट ४ किंवा डॉट ५.१ मध्ये मिसळायचं नाही. आणि डॉट ४ रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, ते रंग खातं.

सुरूच होत नाही तेव्हा

सोप्याकडून अवघडाकडे जा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. किल स्विच, साइड स्टँड, न्यूट्रलचा दिवा, पेट्रोल, पेट्रोलचा कॉक. मग बॅटरी: भरलेल्या १२ व्होल्ट बॅटरीवर गाडी बंद असताना १२.६ किंवा जास्त दिसतात. इंजिन चालू करून रेस दिल्यावर आकडा साधारण १३.५ ते १४.८ च्या मध्ये नसेल तर दोष चार्जिंगच्या बाजूला शोधा. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. कारण फ्रेम निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह तसंच ठेवून पॉझिटिव्हचा नट खोलताना पाना फ्रेमला लागला तर ठिणग्यांचा पाऊस पडतो.

माझी एक गाडी वीस मिनिटं छान चालायची आणि मग हळूहळू मरायची. थोडा वेळ थांबलं की परत सुरू. मी प्लग बदलला, कार्ब्युरेटर दोनदा खोलला, कॉइलवर संशय घेतला. पेट्रोल बघायला म्हणून टाकीचं झाकण उघडलं तेव्हा 'फुस्स' आवाज आला. झाकणातलं हवेचं बारीक छिद्र बुजलं होतं. पेट्रोल खाली जाईल तशी टाकीत पोकळी तयार व्हायची आणि पेट्रोल यायचं थांबायचं. टाचणीने काम झालं.

व्हॉल्व्हची फट, फोर्कचे सील, स्टिअरिंगचे बेअरिंग ही कामं पहिल्या वर्षी बघून शिका, हात नंतर लावा. केलेल्या प्रत्येक कामाची तारीख आणि किलोमीटर वहीत लिहा. काम झाल्यावर आधी हत्यारं मोजा, मग गाडी सुरू करा. चालण्याच्या वेगाने थोडं पुढे जाऊन दोन्ही ब्रेक दाबा, परत या आणि खाली वाकून कुठे थेंब पडतोय का बघा. पन्नासेक किलोमीटर झाले की उघडलेल्या प्रत्येक बोल्टला पुन्हा एकदा टॉर्क रेंच लावा. आकडा तोच ठेवायचा. 'अजून एक झटका' द्यायचा नाही.